दहा पूर्णांक शून्य सात टक्क्यांचं घर

साहेब, तुम्ही चोर आहात असं मी म्हणत नाही. चोराला निदान घरात काही आहे का हे आधी बघावं लागतं. तुम्ही रिकाम्या खोल्यांच्या कमाईवर कर बसवला, म्हणजे तुमची जागा चोराच्या दोन पायऱ्या वर आहे. तुमचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की त्यातली एखादी वेलांटी चुकली म्हणून तुमचं नगरपालिकेचं दफ्तर अख्खी दरखास्त परत पाठवतं, हे मला पाठ झालंय. 'माननीय' पण लिहीत नाही. तो शब्द मी मागच्या चार अर्जांवर खर्च केला.

तुमच्या फायलीत माझ्याबद्दल जे आहे ते अर्धंच आहे. बाकीचं अर्धं मी सांगतो. बसून वाचा.

दोन हजार सात साल. त्या वर्षी आमच्याकडं, मराठी-तेलुगूच्या या सीमेवर, जो तो जमिनीवरच बोलत होता. गुडीहत्नूरच्या पुढं हायवेला लागून कापसाच्या वावरात पांढरे दगड रोवले होते आणि चहाच्या ठेल्यावर लोक गजाचा भाव असा पुसत होते जसा आधी कांद्याचा पुसत. अशात एका रविवारी फंक्शन हॉलमध्ये एक शिबिर भरलं. किरायाच्या घरात पैसा कसा गुंतवावा. फी दीडशे रुपये, जेवणासहित. हैदराबादहून एक सर आले होते. एप्रिलच्या उन्हात गळ्यात टाय. तेवढ्यावरूनच मला वाटलं, हा माणूस आपल्यापेक्षा वेगळ्या हवेत राहतो, याला माहिती असणार.

सर म्हणाले, "घर दिल से मत खरीदो, नंबर से खरीदो." आणि त्यांनी फळ्यावर कॅप रेट काढून दाखवला. गोष्ट सोपी आहे, साहेब, तुम्हाला पण समजेल. वर्षाचा किराया घ्या. त्यातून घरपट्टी, चुना, मोटार दुरुस्ती असला खर्च काढा. जे उरलं त्याला घराच्या किमतीनं भागा आणि शंभरानं गुणा. आठच्या वर आलं तर घर चांगलं, दहाच्या वर आलं तर झोपेतून उठून घ्या. दुसरी गोष्ट कॅश फ्लो. त्याच उरलेल्यातून बँकेचा हप्ता काढा. हातात काही राहिलं तर तुम्ही मालक, नाही राहिलं तर बँकेचे नोकर.

मी हात वर केला. "सर, घर खाली राहा तो?"

"वेकन्सी पाँच परसेंट पकड़ो."

पाच टक्के म्हणजे वर्षाचे अठरा दिवस. मी वहीत लिहून घेतलं. अठरा दिवस मी सहन करू शकत होतो.

आता मी कोण, ते एका ओळीत. नागोराव. गाव जैनथकडचं, खातं पाटबंधारे, हुद्दा सीनियर असिस्टंट, धर्म बौद्ध, शिक्षण दहावी आणि पुढचं वाचून वाचून. या शहरात एकोणीस वर्षांत सहा किरायाच्या खोल्या बदलल्या. सहाही ठिकाणी मालकानं आधी आडनाव पुसलं आणि किराया मागून सांगितला. दोन ठिकाणी तर किरायापर्यंत गाडी पोचलीच नव्हती, त्या मी मोजत नाही. म्हणून शिबिराच्या जेवणात भाताच्या रांगेत उभं राहून मी ठरवलं, की आता आपणच मालक व्हायचं. मालकाला कोण पुसतो?

हे वाक्य मी मनात म्हटलं तेव्हा हॉलमधला पंखा बंद पडला होता. मी लक्ष दिलं नाही.

एका ठेकेदारानं आमच्या भागात दोन घरं बांधली होती. मधली भिंत एक, नकाशा एक, किंमत एक, चार लाख साठ हजार. दर्शनी दोन खोल्या नि स्वैपाकघर किरायानं द्यायला, मागच्या दोन खोल्यांत मालकानं राहायचं, अंगणात बोअर आणि नळ मालक-किरायेदार दोघांत सामायिक. एक घर चिंतामणरावांनी घेतलं. ते तहसीलमधून रिटायर झालेले. त्यांच्या आजोबांपासून घराणं सरकारी नोकरीत, त्यामुळं ते अजून फायलीला मिसल म्हणतात आणि सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. दुसरं घर मी घेतलं. काही पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढले, बाकी बँकेतून.

मग मी हिशेबाला बसलो. किराया दोन हजार धरला, अठरा दिवस खाली धरले, आणि दर्शनी भागाची किंमत घराच्या अर्धी, दोन लाख तीस हजार. कॅप रेट आठ पूर्णांक शून्य नऊ. वा! पण बँकेचा हप्ता वजा केला तर कॅश फ्लो महिन्याला उणे दोनशे. मी घाबरलो. रात्रभर विचार करावा लागला नाही, पाच मिनिटांत उपाय सुचला. मी पेन्सिलीनं दोन हजार खोडले आणि चोवीसशे लिहिले. कॅप रेट दहा पूर्णांक शून्य सात! कॅश फ्लो महिन्याला अधिक एकशे ऐंशी! माझ्या आयुष्यात मला कोणी चारशे रुपये पगारवाढ इतक्या लवकर दिली नव्हती.

तो कागद मी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये बंद करून आणला आणि दर्शनी खोलीत भिंतीला लावला. बायकोला बोलावलं. ती अंगणवाडीत शिकवते, तक्ते बघायची सवय आहे. तिनं वरून खालपर्यंत वाचला.

"ह्याच्यात किरायेदार कुठं हाय?"

"विमल, तो गृहीत धरला हाय."

"गृहीत धरलेला माणूस किराया देते का?"

बायकांना अर्थशास्त्र कळत नाही असं मी तेव्हा म्हणालो. छापून ठेवा, मी मागं घेत नाही. नंतर तिनंच मला सतरा वेळा परत दिलं आहे.

गृहप्रवेशाला भंतेजी आले, वंदना झाली, दारावर पंचशील ध्वज लागला. व्हरांड्यात दाराच्या वर दोन फोटो लावले, तथागतांचा आणि बाबासाहेबांचा. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यालाही दिसावे असे. शेजारी एक पाटी, तेलुगू, हिंदी नि मराठीत: घर किरायानं देणे आहे. पेंटरनं तिन्ही भाषांत तीन वेगळ्या चुका केल्या, पण आशय पोचत होता.

चौथ्या दिवशी पहिले गिऱ्हाईक आले. व्यंकटेश नावाचे बँकवाले, करीमनगरहून बदलून आलेले, आणि त्यांच्या मॅडम पद्मिनी. मॅडमनी स्वैपाकघर पाहिलं, फळ्या मोजल्या, नळ सोडून हात धुतले. "इल्लु बागुंदी," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. घर चांगलं आहे, एवढं तेलुगू मला येतं. चोवीसशेला त्यांनी एक रुपया कमी करा म्हटलं नाही. मी मनातल्या मनात एकशे ऐंशी गुणिले बारा करत त्यांना सोडायला व्हरांड्यात आलो. मॅडमनी वर पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. मग दोघांनी मिळून माझ्या गेटकडं पाहिलं.

"सर, घर तो बहुत अच्छा है," व्यंकटेश म्हणाले, "मगर गेट दक्षिण कोने में है. मैडम को वास्तु का थोड़ा..."

मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. वास्तू, शकुन, मुहूर्त यांना माझ्या घरात जागा नाही. पण प्रतिज्ञा घेताना मला कॅप रेट माहीत नव्हता. तिसऱ्या दिवशी गवंडी आणला आणि गेट दक्षिण कोपऱ्यातून उचलून उत्तर कोपऱ्यात बसवलं. साडेपाच हजार.

"तुमी कवापासून वास्तू मानाले लागले?" विमलनं पुसलं.

"मी नाई मानत. बाजार मानते."

नंतर ज्युनियर कॉलेजचे एक लेक्चरर आले. एकटेच, सभ्य. त्यांनी पण घर पाहिलं, व्हरांड्यात थांबून वर पाहिलं आणि म्हणाले, स्वैपाकघरात अंधार आहे. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि ते स्वैपाकघरात उभं राहून पेपरातली बारीक जाहिरात वाचत होते. तरी मी भिंत फोडून खिडकी काढली. खिडकी उघडली तर समोर चिंतामणरावांची न्हाणी. त्यांनी टॉवेलवरच येऊन हरकत घेतली, तीही तोंडी नाही, कागदावर, खाली तारीख टाकून. मग त्या खिडकीला दुधी काच बसवावी लागली, तिला आतून पडदा. आता स्वैपाकघरात दिवसा पण दिवा लावावा लागतो. बत्तीसशे.

तिसरा औषध कंपनीचा माणूस. त्यानं सगळं पाहिलं, वर पण पाहिलं आणि पुसलं, "नळ कॉमन है क्या? आप लोग भी इसी से...?"

"हो. एकच बोअर हाय."

"पानी खारा लगता है."

त्यानं पाणी चाखलं नव्हतं, साहेब. हात पण ओला केला नव्हता. पण मी विचार केला, औषधाच्या धंद्यातला माणूस आहे, नुसतं बघून कळत असेल. बोरवेलची गाडी बोलावली आणि साठ फूट आणखी खोल नेलं. आठ हजार. वरचं पाणी गोड होतं, खालचं खारं निघालं. त्यानं न चाखता खारं म्हटलं, मी पैसे देऊन खारं केलं.

आता तुम्ही म्हणाल, नागोराव, तुम्ही एकोणीस वर्षं या शहरात काढली, तुम्हाला समजलं नाही? साहेब, समजत होतं. एखाद्याच्या मानेची हालचाल पाहून त्याच्या तोंडून काय येणार हे मला बसस्टँडवर पण कळतं. पण तेव्हा मी किरायेदार होतो. मालक झाल्यावर मला वाटलं, आता मान हलली तर गेटमुळंच हलत असेल. भिंतीवरच्या कागदात गेटचा खर्च लिहायला जागा होती. दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. माणूस ज्याला रकाना आहे तेच दुरुस्त करत बसतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घरासमोर सामानाचा ट्रक थांबला. पुढं मोटरसायकलवर व्यंकटेश आणि पद्मिनी मॅडम! गेट हलवल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं तर! मी बनियनवरच धावत गेलो, नवं गेट दोन्ही बाजूंनी सताड उघडलं, "आइए आइए" म्हणत फ्रिजचं एक टोक धरलं. दुसरं टोक हमालानं धरलेलं. मी उत्तरेकडं ओढतो, हमाल दक्षिणेकडं ओढतो. मला वाटलं हमाल नवा आहे. तो म्हणाला, "अण्णा, इधर नहीं, बाजूवाला."

साहेब, मी तो फ्रिज चिंतामणरावांच्या घरात नेऊन ठेवला. माझ्या हातानं. त्यांच्या दक्षिण कोपऱ्यातल्या गेटातून, त्यांच्या अंधाऱ्या स्वैपाकघरात. मध्येच सोडला असता तर हमालाच्या पायावर पडला असता, आणि त्याचा काही दोष नव्हता. पद्मिनी मॅडमनी मला "थँक यू अंकल" म्हटलं. त्यांनी किराया सव्वीसशे ठरवला होता.

मी घरी आलो आणि पायरीवर बसलो. विमलनं पाणी आणून दिलं. खारं होतं. मी प्यालो.

संध्याकाळी मी चिंतामणरावांना भिंतीवरूनच पुसलं, "काऊन हो? गेट तर तुमचंबी दक्षिणलेच हाय."

ते आरामखुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला. सल्ला देताना ते चष्मा काढतात, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसत नाही.

"नागोराव, तुमी इतके वाचलेले माणूस. तुमाले म्या सांगाव का?"

"सांगा ना."

"माह्या मनात काई नाई, पाहा. आपण दोघं शेजारी, चहापाणी हाय आपलं. पन किरायेदार लोक पुसते. मालक कोन, घरात पूजा कोणाची, नळ कोणाचा. तुमी त त्याईले पुसाची बी तकलीफ ठेवली नाई, दारावरच लावून देलं."

"मंग?"

"मंग काय. फोटो आत घ्या. बुद्ध राहू द्या, बुद्ध आजकाल डॉक्टराच्या हॉलमंधी बी असते, शो येते त्याले. तो कोटवाला फोटो तेवढा मांगच्या खोलीत." मग ते जरा पुढं वाकले. "नाईतर दुसरी तरकीब हाय. मी सांगतो, हेबी घर माहंच हाय. पावती माह्या नावानं फाडू. किराया मी तुमाले आणून देतो, एक रुपया ठेवत नाई. कोणी पुसलंच त सांगीन, मांग राहतात ते आपले इश्वासातले मानसं हाय. देखरेखीले ठेवले."

म्हणजे स्वतःच्या घरात मी चौकीदार. आणि हे सांगणारा माणूस खरंच माझ्या भल्यासाठी सांगत होता, हे सगळ्यात वाईट. शिवी दिली असती तर उलटी देता आली असती. सल्ल्याला काय द्यावं?

घरी येऊन मी हिशेब केला. खोटं कशाला बोलू, केला. फोटो बाहेर तर महिन्याला शून्य. फोटो आत तर चोवीसशे. सतरा हजार खर्च झालेले, बँकेचा हप्ता पगारातून जाऊन राहिलेला, मोठ्या मुलीची नर्सिंगची फी ऑगस्टात. म्हणजे एका खिळ्याची किंमत महिन्याला चोवीसशे रुपये. एवढं महाग लोखंड मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल घेतला, व्हरांड्यात चढलो आणि बाबासाहेबांचा फोटो उतरवला. विमल अंगणवाडीला निघाली होती. ती पायरीवर थांबली. मी तिच्याकडं न पाहता म्हटलं, "धूळ बसली होती. पुसून राह्यलो."

तिनं माझ्या हातातल्या फोटोकडं पाहिलं. पर्स खाली ठेवली, पदराचं टोक ओलं करून मला दिलं आणि उभी राहिली. मी काच पुसली. चौकट पुसली. मागचा पुठ्ठा पुसला. मग पुसायला काही उरलं नाही.

"झालं?" तिनं पुसलं.

"झालं."

"मंग लावा ना वर. मले उशीर होऊन राह्यला."

मी लावला. आधीपेक्षा चार बोटं वर लागला. तेव्हापासून माझं ठरलं, दर्शनी भाग किरायानं जाईल तर या फोटोखालून जाईल, नाही तर जाणार नाही. हे ठरवणं सोपं होतं असं तुम्हाला वाटेल. महिन्याच्या एक तारखेला बँकेत माझ्या जागी उभं राहून पाहा.

आता इथं तुमचं दफ्तर गोष्टीत येतं.

त्याच आठवड्यात तुमचा बिल कलेक्टर घरांचा किराया लिहायला गल्लीत आला. घराला जितका किराया येऊ शकतो त्यावर घरपट्टी बसते, हा तुमचा नियम. चिंतामणरावांनी सांगितलं, पुढं भाचा राहतो, सहाशे देतो, तेही कधी देतो कधी नाही. भाचा म्हणजे व्यंकटेश. मग तो माझ्याकडं आला. मी त्याला लिंबाचं सरबत दिलं आणि म्हटलं, घर खाली आहे, आतून पाहून घ्या. तो दर्शनी खोलीत गेला आणि भिंतीपाशी थांबला. प्लास्टिकमधला कागद! मासिक किराया चोवीसशे, वार्षिक अठ्ठावीस हजार आठशे, सगळं सुवाच्य अक्षरात, खाली माझी सही. सही करायची काही गरज नव्हती, साहेब, पण ऑफिसात तीस वर्षं झाली की हात कागदाखाली आपोआप सही करतो.

तो उतरवून घेत होता आणि मी मूर्ख त्याला बाजूला उभा राहून कॅप रेट समजावून सांगत होतो. इतक्या आवडीनं आजवर कोणी माझा कागद वाचला नव्हता.

पंधरा दिवसांनी नोटीस. दर्शनी भाग चोवीसशे, आणि मागचा भाग तसाच आहे म्हणून तो पण चोवीसशे. म्हणजे विमल आणि मी स्वतःला दरमहा चोवीसशे किराया देतो असं तुमचं मत. घरपट्टी सालाना चार हजार तीनशे वीस. शेजारी, तेच घर, तीच भिंत, एक हजार ऐंशी. मी नोटीस तीनदा वाचली. चौथ्यांदा विमलनं वाचली आणि म्हणाली, "पाहा, सरकारनं तुमचा गृहीत माणूस खरा मानला."

मी परत हिशेब केला. किराया शून्य, नवी घरपट्टी, चुना, मोटार. गेट, खिडकी, बोअर किमतीत मिळवलेच नाहीत, हिंमत झाली नाही. कॅप रेट आला उणे तीन पूर्णांक एक आठ. मी एसटीडी बूथवरून हैदराबादच्या सरांना फोन लावला.

"सर, मेरा कॅप रेट मायनस में आया."

"मायनस हो ही नहीं सकता. लोकेशन खराब होगा."

"सर, बाजूवाले का प्लस में है. भिंत एक है."

"तो टेनंट प्रोफाइल देखिए."

"सर, टेनंट मेरा प्रोफाइल देखता है!"

तिकडून वही चाळल्याचा आवाज आला. मग सरांनी मला पुढच्या महिन्याचं ॲडव्हान्स शिबिर सुचवलं. फी साडेतीनशे. मीटर फिरत होतं म्हणून मी शिवी अर्धीच दिली.

घरपट्टी कमी करा म्हणून केलेले माझे तीन अर्ज वेलांटी-मात्रेपायी परत आले. मग तुमच्या दफ्तरात एक फॉर्म मिळतो हे मला तिथल्याच माणसानं सांगितलं. घर रिकामं असेल तर घरपट्टीत सूट. मी फॉर्म भरला. नाव, घर नंबर, किती महिन्यांपासून खाली, सगळं. शेवटचा रकाना: रिकामे राहण्याचे कारण. मी लिहिलं, 'मालक बौद्ध असल्याने व ते लपवत नसल्याने किरायेदार येत नाहीत.'

खिडकीवरच्या क्लार्कनं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "सार, ये क्या लिखा? रिपेर लिखो ना. सब रिपेर लिखते."

"रिपेर तर मी करून बसलो. त्यानंच मेलो."

"तो कोर्ट केस लिखो. नहीं तो मालिक बाहर गाँव."

"मी तुमच्यासमोर उभा हाय ना, बाहेरगावी कसा?"

"सार, ये कारण लिस्ट में नहीं है." बिचारा खरंच घाबरला होता. "लिखना ही है तो सबूत लगाओ."

सबूत! मी विचार केला, रीतसर मागणी आहे, रीतसर पुरी करू. सरळ व्यंकटेश यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, तुम्ही माझं घर का घेतलं नाही ते दोन ओळीत लिहून द्या, दफ्तरात लावायचं आहे. वास्तू असेल तर वास्तू लिहा, पण मग या घराच्या गेटचं पण लिहा.

व्यंकटेश उठून उभे राहिले. इतका धक्का बसलेला माणूस मी आरशाबाहेर पाहिला नव्हता. "सर! हम लोग ऐसा कुछ मानते ही नहीं! आप बैठिए तो. पद्मिनी, अंकल के लिए चाय!"

चहा आला. व्यंकटेशना चिनी मातीच्या कपात, मॅडमना तसल्याच कपात. मला कागदाच्या कपात, वापरून फेकायच्या. व्यंकटेशनी कपाकडं पाहिलं, मग भिंतीकडं, आणि पंखा वाढवला. मॅडम म्हणाल्या, बाकीचे कप धुवायला पडले आहेत. फळीवर चार कप उलटे ठेवलेले मला दिसत होते. दूधवाल्याला पण बाहेरून दिसत असतील.

मी चहा प्यालो. चांगला होता, आलं घातलेलं. मग मी कप त्यांच्याच नळाखाली विसळला, रुमालात बांधला आणि म्हटलं, "सबूत मिल गया, सर. धन्यवाद."

दुसऱ्या दिवशी तो कप मी टाचणीनं अर्जाला जोडला आणि 'सोबत: कप एक' असं लिहून दिला.

खिडकीवर गोंधळ झाला. तुमचा क्लार्क म्हणे, कपाला आवक नंबर देता येत नाही. मी म्हटलं, कप कागदाचा आहे, तुम्ही कागदालाच नंबर देता ना? तो सुपरिंटेंडेंटकडं गेला. सुपरिंटेंडेंटनं कप उलटा करून पाहिला, कुठं शिक्का आहे का म्हणून. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, मला पण असाच एक कप मिळतो, पण मी लावला नव्हता, लावायचा असतो का? तीन दिवसांनी अर्ज परत. शेरा: 'नमूद कारण विहित यादीत नाही. जोडलेली वस्तू फायलीत ठेवण्यायोग्य नाही.' खाली तुमची सही. टाचणीची दोन भोकं होती, कप नव्हता.

मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा तुमचा बिल कलेक्टर मागून आला. त्यालाच थोडं वाईट वाटत असेल, सरबताची आठवण म्हणून. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सार, हमारे नये साब तीन हफ्ते से लॉज में हैं. फॅमिली वरंगल में अटकी है. दो कमरे, किचन, पानी चाहिए. ढाई हजार तक देंगे. घर नहीं मिल रहा."

साहेब, ते नवे साहेब तुम्ही.

मी चाललो होतो तिथंच थांबलो. सगळ्या शहरात घर शोधणारा एक माणूस आणि किरायेदार शोधणारा एक माणूस, मध्ये फक्त एक अर्ज, आणि तो तुम्ही नामंजूर केलेला! म्हणून हा पाचवा कागद. हा अर्ज नाही. याला तुमची यादी लागू नाही.

घर तयार आहे. दोन खोल्या, स्वैपाकघर, उत्तरेचं गेट. काच दुधी आहे आणि पाणी थोडं खारट आहे, ती चूक माझी, लपवत नाही. किराया चोवीसशे. हा आकडा आता माझ्या पेन्सिलीचा राहिला नाही, तो तुमच्या रजिस्टरात तुमच्या सहीनं वाजवी ठरला आहे, तेव्हा घासाघीस नको. मागं मी आणि विमल राहतो. नळ एकच आहे. व्हरांड्यात फोटो आहेत, ते राहतील. तुमचं आडनाव मी पुसणार नाही.

येता का राहायला?

येत असाल तर तारीख कळवा, विमल खोल्या धुऊन ठेवेल, आणि तुमच्या फॅमिलीला पहिल्या दिवशीचं जेवण आमच्याकडं. येत नसाल तरी माझी तक्रार नाही. फक्त का येत नाही, ते दोन ओळीत लिहा. तुमच्या पदाचा शिक्का मारा, आवक-जावक नंबर टाका. मग तो कागद मी सूट मागायच्या अर्जाला लावतो. तुमच्याच हातचं कारण तुमच्या यादीत आहे का नाही, ते तुम्हीच ठरवा.

सात दिवसांत लेखी उत्तर पाहिजे. हो का नाही?